कोरा अंतरपाट

लग्नाचे फोटो काढणाऱ्यालाच 'शुभमंगल सावधान' ऐकून घाम फुटतो, हे कुणाला पटत नाही. बोरिवलीच्या हॉलमध्ये मी नवी झूम लेन्स लावून उभा होतो. लेन्स स्वस्तातली, भलत्याच कंपनीची. "कॅमेरा ज्या कंपनीचा तिचीच घे रे, नाहीतर वाट लागेल," असं बायकोने बजावलं होतं.

मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाट बाजूला होताच नवरीचा चेहरा टिपायचा, म्हणून मी त्या कापडावरच नेम धरला. कापड पांढरंशुभ्र. लेन्स घरघरत पुढेमागे फिरत राहिली, फोकस काही लागेना. कापड सरकलं, गळ्यात हार पडले, आणि माझ्याकडे नुसतं धुकं. गुरुजींना विचारलं, हार पुन्हा घालायचे का?

"मुहूर्ताचा काय रिटेक असतो?" ते खेकसले.

घरी येऊन लेन्सला मनसोक्त शिव्या घातल्या, ती विकली आणि कंपनीची आणली. मुलुंडच्या लग्नात अंतरपाट पुन्हा कोराच निघाला. ही लेन्सही तशीच पुढेमागे फिरत राहिली, फक्त आवाज न करता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फोकसला पकडायला एखादी रेघ लागते, डाग लागतो. कोऱ्या कापडावर कुठलीही लेन्स काय पकडणार?

आता मी अंतरपाट धरायच्या आधीच नवरीच्या मुंडावळ्यांवर फोकस लावून ठेवतो. तरी धास्ती जात नाही. पूर्वी शिव्या घालायला निदान लेन्स तरी होती. आता गुरुजी 'सावधान' म्हणतात ते थेट मलाच.