एका हाताची परीक्षा

गाडी पेट्रोल जास्त पिते अशी तक्रार आली, की गॅरेजवाल्या मिस्त्रींची एक ठरलेली परीक्षा असे. गाडी सपाट फरशीवर न्यूट्रलमध्ये उभी करायची आणि एका हाताने ढकलायची. धडधाकट गाडी मुकाट पुढे सरकते. अडली, तर ब्रेक चाकाला धरून बसलेत. चाळीस वर्षं हीच परीक्षा; गाडीला संगणक जोडून बसणाऱ्यांच्या नावाने मिस्त्री नाक मुरडत.

शाळेतल्या बाईंची गाडी दोन लाख किलोमीटर पळालेली. लिटरला अठरा देणारी गाडी आता चौदावर आली होती. मिस्त्रींनी हात लावला. गाडी ढिम्म हलेना.

"ब्रेक धरतायत, बाई. लिहून घ्या," त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

जॅकवर उचलून एकेक चाक फिरवलं, तर चारही चाकं नुसत्या एका बोटाने गरगर फिरली. गाडी खाली घेऊन मिस्त्रींनी पुन्हा जोर लावला. ती जागची हलली नाही.

"मी बघू का?" म्हणत बाईंनी खांद्यावरची पर्स न उतरवता एक हात लावला. गाडी अलगद पुढे गेली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं.

खरा दोष नंतर तासाभरात सापडला. इंजिनाच्या पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता; इंजिन कधी धड तापतच नव्हतं, म्हणून पेट्रोल जास्त जात होतं.

परीक्षा अजून होते. "तुमची गाडी, तुमचाच हात लागू दे," मिस्त्री म्हणतात. गिऱ्हाइकांना वाटतं, ही त्यांची पहिल्यापासूनचीच रीत. मिस्त्री हात पाठीमागे धरून चाकांकडे बघत असतात.