हेल्मेटची मागची बाजू

नव्या टायरचा वास आला की ओमानमधल्या सोहारच्या माझ्या टायरच्या दुकानात आलेला तो डच पोरगा आठवतो. वडील बंदरावर इंजिनिअर. पोराला पहिल्या मोटारसायकल शर्यतीसाठी टायर हवे होते, तेही फुकट. बदल्यात हेल्मेटवर माझ्या दुकानाचं नाव, पण मागच्या बाजूला. "नाव पुढेच पाहिजे," मी ठणकावलं. "पुढे आईचं नाव आहे, ते हलणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "मग खलास!" माझा आवाज चढला. हात मिळवून तो निघाला. बायको कुजबुजली, "अहो, हाक मारा त्याला." "थांब गं, दारातून वळेल. सगळे वळतात." या बाजारात सौदा असाच होतो, मी तर त्याच्यासाठी चहासुद्धा सांगितला होता. तो वळलाच नाही. सरळ रस्ता ओलांडून समोरच्या टायरवाल्याकडे गेला. बाजाराची एवढी साधी रीत त्याला ठाऊक नसावी, याचा राग अजून जात नाही. आता तो युरोपात शर्यती जिंकतो. काल टीव्हीवर तो सगळ्यांच्या पुढे होता, कॅमेरा मागच्या मोटारसायकलवर बसवलेला, आणि हेल्मेटच्या मागे समोरच्याच्या दुकानाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. शेजारी बसलेली बायको एक शब्द बोलली नाही, तरी मी तिच्यावरच खेकसलो.