एकटीसाठी कूलर

अकोल्यात नोकरी लागली तेव्हा मी आत्याकडे राहायला गेले. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली, त्यामुळे सगळी गल्ली तिला सिस्टरबाई म्हणते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर स्वतःचं आहे, पेन्शन वेळेवर येते, आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नाही म्हणत म्हणत सगळ्या गल्लीचं ब्लडप्रेशर तिला तोंडपाठ असतं.

तिच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून एक लोखंडी कूलर बसवलेला आहे. मोठा, जुना, सुरू झाला की खिडकीचे गज थरथरतात. अकोल्याच्या उन्हाळ्यात ती एक खोली म्हणजेच घर. जेवण, झोप, टीव्ही, भाजी निवडणं, सगळं त्या खिडकीसमोर.

सकाळी ऑफिसला जाण्याआधी कूलरची टाकी भरायचं काम मी आपणहून घेतलं होतं. दुसऱ्याच्या घरी राहायचं तर एखादं काम अंगावर असलेलं बरं, बोलण्याची गरज कमी पडते. अकोल्यात नळ रोज येत नाहीत. आले त्या दिवशी ड्रम भरून ठेवायचे आणि मग त्यातून बादलीने काढायचं. मी टाकी काठोकाठ भरायची आणि निघायची.

संध्याकाळी माझी गाडी गल्लीत वळली की कूलरचा आवाज यायचा. आत जाईपर्यंत आत्या त्याच्यासमोर बसलेली असे. पण खाटेवर बसलं तर गादी तापलेली. भिंतीला टेकलं तर भिंत गरम. घर गार नव्हतं, नुसता कूलर सुरू होता. एकदा मी टाकीचं झाकण उचलून पाहिलं. सकाळी भरलेलं पाणी तितकंच होतं, आणि कूलरच्या जाळीतलं गवत अजून अर्धं कोरडं.

“आत्या, दुपारी कूलर लावत जा ना.”

“लावलाच होता आता.”

आता म्हणजे केव्हा, हे मी विचारलं नाही.

माझं ऑफिस घरगुती वस्तूंच्या एका वितरकाचं होतं. फ्रिज, मिक्सर, पंखे, कूलर. कोणत्या तालुक्यात काय खपेल याचा अंदाज काढून तक्ते करायचे, हे माझं काम. वरूडकडे संत्र्याचा बहार चांगला आला की फ्रिज जातात. अंजनगावच्या बाजूला लग्नसराईत मिक्सर. नोकरदारांच्या वस्तीत पगाराच्या आठवड्यात काहीही. ऊन, पीक, पगार, लग्नं, एवढ्या रकान्यांत माणसं बऱ्यापैकी बसत. आत्याचं घर माझ्या तक्त्यात अगदी पक्कं बसलं असतं. उत्पन्न नियमित, ऊन भरपूर, आणि कूलर तर घेऊनही झालेला. घरी नेलेली वस्तू लोक सुरू करतात की नाही, हे आम्ही कुठेच विचारत नसू.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ऑफिसातली वीज गेली ती आलीच नाही, आणि आम्हाला लवकर सोडलं. माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद पडली म्हणून मी ती ढकलत आणली. दार लोटलेलं होतं.

आत्या पुढच्या खोलीत फरशीवर आडवी होती. डोक्यावर ओला नॅपकिन. वर पंखा गरम हवा फिरवत होता. कूलर बंद. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. स्वतःची नाडी मोजत होती.

मला बघून ती उठली. नॅपकिन उशीमागे सारला आणि कूलरचं बटण दाबलं.

“तुया गाडीचा आवाज नाई आला.”

“बंद पडली. आत्या, चक्कर येतेय का तुला?”

“कोनाले? मले? उभी जिंदगी लोकाईले सलाइन लावली मी, पोरी.”

“मग कूलर का नाही लावलास?”

ती पन्हं करायला स्वयंपाकघरात गेली. तिकडूनच म्हणाली, “एकटीले कायले लागते?”

हे वाक्य मला नवं नव्हतं. मी घरी असले की ती ढेमशांची भाजी करायची, वर वेगळी लसणाची फोडणी, बाजूला कांदा, एक वाटी दही. शनिवार-रविवार मी अमरावतीला घरी जाऊन आले की फ्रिजमध्ये दह्याची वाटी मी गेले तेव्हा होती तशीच असे, आणि ताटात चटणी-भाकर झाल्याच्या खुणा. चांगली चादर पाहुण्यांची. आमटीत तूप आमच्यासाठी. तिच्याकडे पैसा कमी होता म्हणून नव्हे. माझ्या वाढदिवसाला तिने मला जे घड्याळ आणलं ते माझ्या पगारात मी घेतलं नसतं.

अमरावतीच्या आमच्या घरात पाच माणसं आणि मधल्या खोलीत एक कूलर. उन्हाळ्यात पाचही जणांची अंथरुणं तिथेच. तो कोणासाठी सुरू आहे, हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. बाबा म्हणत आईला घाम येतो, आई म्हणे पोरांचा अभ्यास आहे, आणि आम्ही तिघं भावंडं मधल्या जागेसाठी भांडत असू. प्रत्येकाचं निमित्त दुसऱ्याच्या नावावर. आत्याच्या घरात नाव घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी आले तेव्हा ते नाव माझं झालं.

आणि आता मी जाणार होते. आमच्या वितरकाने अमरावतीला ऑफिस उघडलं होतं, मला तिकडे जायला विचारलं, आणि मी हो म्हणून बसले होते. आईने तर माझं कपाट आवरायला घेतलं. आत्यालाही आनंद झाला. मेमध्ये निघायचं होतं, म्हणजे अर्धा उन्हाळा बाकी असताना.

नाडीची गोष्ट मी बाबांना फोनवर सांगितली. 

“तिले इकडेच घेऊन ये उन्हाळ्यापुरती,” ते म्हणाले. “पण आयकनार नाही ते. तिले ऑर्डर द्याची सवय हाय, घ्याची नाही.”

मी विचारून पाहिलं.

“भावाच्या घरी?” आत्या म्हणाली. “दोन दिवस पाहुणी, तिसऱ्या दिवशी पोया लाटा. मी आपल्या घरी बरी हाव.”

मग मी ऑफिसातून दुपारी फोन करून कानोसा घेऊ लागले. सिलिंडर घेऊन माणूस आला की कूलर सुरू. पोस्टमन आला, कूलर सुरू. मीटर बघायला आलेल्या माणसालाही ती खुर्ची देऊन कूलरसमोर बसवायची, पाणी द्यायची, त्याची साखर विचारायची, आणि तो विजेचा आकडा घ्यायला आलाय हे दोघांच्याही ध्यानात राहत नसे. तो गेला की बटण बंद. कोणी नुसतं दारात आलं तरी चालत होतं. आलं पाहिजे, एवढंच.

समोरच्या कडुलिंबाखाली दुपारी एक भाजीवाली थांबायची. सकाळभर हातगाडी फिरवून झाली की ऊन उतरेपर्यंत तिथेच बसायची. गावाबाहेर तिच्या घरचा मळा होता. आत्या रोज सकाळी दारातून तिच्याशी घासाघीस करायची, त्यापलीकडे दोघींचं बोलणं नव्हतं. मी तर तिच्याशी कधीच बोलले नव्हते. एका रविवारी दोनदा चपला घातल्या आणि काढल्या, आणि तिसऱ्यांदा गेले.

“मावशी, दुपारी आत येऊन बसत जा ना. आत्या एकटीच असते.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सिस्टरबाईनं सांगतलं का?”

“नाही.”

“मंग तू काहून सांगून राहिली?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते असं रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

“बलावल्याबिगर कोनाच्या घरात जाऊन बसाले,” ती म्हणाली, “मी का मांजर हाव?”

मी परत फिरणार होते. तेवढ्यात तिनेच गाडीवरचं ओलं पोतं उचललं.

“मायं जाऊ दे, मले सवय हाय. याचं काय झालं ते पाय.”

पोत्याखाली सांबार होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. जुड्याच्या जुड्या माना टाकून पडल्या होत्या.

“सकायी कसा उभा होता. आता संध्याकायी याले कोन घेईन?”

“हा आत नेऊ?” मी विचारलं.

तिने पोतं पुरतं बाजूला केलं. “ने. पन हयू ने. मोडजो नको.”

मी ओंजळीत मावेना म्हणून ओढणीत भरून सांबार आत आणला. मी बाहेर पडताच आत्याने कूलर बंद केला होता आणि ती पेपर वाचत होती.

“अवं माय, एवढा सांबार? कोनाचं लगन हाय?”

“समोरच्या मावशीचा आहे. उन्हात मरतोय.”

“माठाखाली ठेव.”

माठाखाली ओल होती, पण तीन-चार जुड्यांत जागा भरली. बाकीचा ओढणीत घेऊन मी उभीच राहिले. आत्याने एक काडी बोटांत धरली, वाकवून पाहिली, सोडली. मग खिडकीकडे गेली आणि आधी मोटर, मग पंखा सुरू केला. न्हाणीतून मोठा टॉवेल भिजवून आणला, खाटेवर अंथरला, आणि त्यावर एकेक जुडी देठं एका बाजूला करून ओळीने मांडली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, “गर्दी करू नको.” सांबाराचा वॉर्ड झाला. त्याच्या पायथ्याशी खुर्ची ओढून ती पेपर वाचत बसली, आणि ऊन उतरेपर्यंत कूलर बंद झाला नाही.

पाच वाजता भाजीवाली दारात आली. खाटेकडे तिने पाहिलं, जुड्या गोळा केल्या. जाताना दोन जुड्या खाटेवरच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात होते, त्यामुळे पुढचं आत्याने संध्याकाळी सांगितलेलं. ऊन चढल्यावर भाजीवाली टोपली घेऊन आपणहून आली आणि बाहेरूनच ओरडली, “सिस्टरबाई, पेशंट आनले!” टोपली आत दिली, आणि माल आपला म्हणून नजरेसमोर राहावा यासाठी उंबरठ्यावर बसली.

“मी म्हटलं, दारात बसू नको, कूलरची हवा अडते. आत ये नाई तं बाहेर जा.”

“मग?”

“मंग काय. आली.”

त्या आठवड्यात टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत तळाला जायला लागलं. एकदा मी दुपारी घरी आले तर खाटेवर सांबार आणि पालक, आणि खाली फरशीवर दोघी, मध्ये चवळीच्या शेंगांचा ढीग.

“सिस्टरबाई, हा तुमचा कूलर आवाज लय करते.”

“तुयाहून कमी.”

“त्याले तरी बंद कराले बटन हाय, असंच ना?”

“म्या कुठं म्हटलं? तूच म्हनून राहिली.”

मला बघून दोघी थांबल्या, आणि आत्याने मला हाताने आत जा अशी खूण केली. कूलर माझ्यासाठी लावायची वेळ तिच्यावर आली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथेच थोडी रेंगाळले.

मेच्या मध्यावर मी अमरावतीला परत आले. निघायच्या सकाळीही टाकी मीच भरली. नव्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली की मी तिला फोन करायची. बोलायला फारसं काही नसे. मागे घरघर ऐकू यायची, आणि भाजीवालीचा आवाज, “पोरीचा हाय का? मी विचारलं म्हना.” मग आत्या सांगायची की मावशीनं तुले विचारलं. एवढ्यावर मी फोन ठेवायची.

पण मनात एक होतं. पाऊस लागला की भाजीवाली दुपारची सावली शोधणार नाही, हे ठीक. पण तिच्या घरी लग्नं असणार, दुखणी असणार, मळ्यात कामं असणार. ज्या दिवशी ती येणार नाही त्या दिवसाचं काय?

तो दिवस जूनच्या सुरुवातीला आला. ऊन तसंच होतं आणि वर दमट. फोन उचलल्यावर मागे कोणाचा आवाज नव्हता.

“आज ते आलीच नाई,” आत्या म्हणाली. “भाचीच्या हयदीले गेली. उद्याही नाई.”

“बरं,” मी म्हटलं.

आणि ऐकत राहिले. तिच्या आवाजाच्या मागे ती घरघर होती. खिडकीचे गज थरथरत होते. आपण विचारलं तर ती बंद करेल, असं मला वाटलं, म्हणून मी डब्याचं झाकण लावत बसले आणि आईने काय भाजी दिली ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग, चोरून विडी ओढणारा पेशंट सिस्टरला कबुली देतो तशा आवाजात, म्हणाली, “सवय खराब झाली मायी.”

“टाकीत पाणी आहे ना?”

“काल नळ आले. भरली सकायी. ठेव आता फोन. डोया लागून राहिला होता माया.”