जानी, बाई आणि माझा रेडा

किस्से काही जमवावे लागत नाहीत. पावसाळ्यात भिंतीला शेवाळ चढतं, तसे ते आपोआप चढत जातात. आमच्या किन्हवलीकडच्या एका शाळेला लागून माझं भाताचं खाचर आहे. मी दोन यत्ता शिकलेला, बोलायलाही सावकाश. तरी शाळेच्या बाई दर शनिवारी दप्तराविना पोरं घेऊन माझ्याकडे येतात. म्हणजे आठवड्यातून एक दिवस मी मास्तर!

पहिल्या शनिवारी बाई म्हणाल्या, "आजोबा, मुलांना तुमची ओळख सांगा."

मी घसा खाकरला. "माझं... नाव..."

मागून बंड्या म्हणाला, "बाई, आजोबांचं नाव येईस्तवर मी मुतून येऊ?"

*

जनावराचं वय दातांवरून कळतं. माझ्या रेड्याचं तोंड उघडून मी पोरांना ते दाखवलं.

सोमवारी शाळेत सगळी बाईंच्या टेबलाभोवती जमली.

"बाई, आ करा की!"

*

एकदा रानातली शेवळं ओळखायला शिकवलं. शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. हे मी सांगायला घेतलं, पण तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी घरी तशीच भाजी केली!

मी ओशाळून भेटायला गेलो. बाई हळूच म्हणाल्या, "सासूबाई कालपासून गप्प आहेत. अजून एक जुडी मिळेल?"

*

पाड्यावरची जानी तेवढी कशालाच हसायची नाही. तिसरीत आली, पण शाळेत एक शब्द नाही. बाई तिच्यासाठी झुरायच्या. माझं तिचं मात्र छान जमायचं. दोघं बांधावर न बोलता बसायचो.

एक दिवस तिचा बाप शंकर शाळेत आला. "घरी तोंड मिटत नाय, शाळेत उघडत नाय. मग शाळा कशाला? येत्या शनिवारी नेतो तिला. शेळ्या तरी राखंल."

त्या शनिवारी माझ्याकडे आवणी होती. आवणीत रोपं लावत मागं मागं सरायचं असतं. बाईही पोरांबरोबर वाकून मागं सरत होत्या. त्यांच्या पाठीमागं, चिखलणी करून दमलेला माझा रेडा चिखलात बसलेला. शंकर बांधावर येऊन उभा राहिला होता.

मी म्हटलं, "बाई..."

"बोला, आजोबा," म्हणत त्या एक पाऊल मागं सरल्या.

"तुमच्या... ते..."

"हं, सांगा ना!" अजून एक पाऊल.

आणि जानी किंचाळली, "थांब गो बाय! ढुंगण टेकंल तुजं रेड्याला! नि आजा, तू बोलतोस का रवंथ करतोस?"

बाई रडत होत्या की हसत होत्या, तोंडावरच्या चिखलामुळं कळेना.

शंकरनं डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि एकटाच पाड्याकडे वळला.

मी हाक मारली, "शंकर... अरे... जानी..."

"ऱ्हाऊ दे, बाबा," तो न थांबता म्हणाला. "इतके दिस मी एकट्यानं ऐकलं. आता थोडं तुमी ऐका!"