नृसिंहाच्या मांडीवर

आमचं गाव जानेफळच्या जवळ. तिथे नृसिंह जयंतीला देवाचं सोंग निघतं आणि ते घ्यायचा मान आमच्या घराचा. बाबा शाळेत हेडमास्तर होते तेव्हाही वर्षातून एक संध्याकाळ ते सिंह व्हायचे. अंबाडीच्या वाखाची आयाळ, कागदाच्या लगद्याचा मुखवटा, लाल कापडाची लोंबती जीभ. लहानपणी मला वाटायचं, बाबा कुठेतरी निघून जातात आणि त्यांच्या जागी हा येतो. अजूनही ते पुरतं खोटं वाटत नाही.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना ते अवतारांच्या गोष्टी सांगत. मासा, कासव, वराह करत मी झोपेत शिरायची. कितीतरी वर्षं माझ्या स्वप्नात ते कासव आमची गच्ची पाठीवर घेऊन संथ पोहत असे. बाबांचा जीव मात्र नृसिंहावर. राम-कृष्णांना बालपण आहे, संसार आहे, याला बिचाऱ्याला फक्त एक संध्याकाळ, असं ते म्हणायचे.

पुढे मी जातीबाहेर लग्न केलं आणि बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीही त्यांचीच मुलगी, मी फोन करणं टाकलं. आई चोरून बोलायची. मला मुलगी झाल्याचं ऐकून बाबांनी नुसतं वर्तमानपत्राचं पान उलटलं, हेही तिनेच सांगितलं. मला इतका राग आला, की पुढे वर्तमानपत्र दिसलं तरी डोकं फिरायचं.

वैशाखात आईचा फोन आला. "जयंतीले पोरीले घेऊन ये. देव कोनाच्याच लेकराले नाही म्हनत नाही."

तिचा डाव माझ्या लक्षात आला. दैत्याला मारल्यावरही नृसिंहाचा राग उतरेना, तो प्रल्हादाला जवळ घेऊन शांत झाला. म्हणून आमच्याकडे वर्षभरात जन्मलेली सगळी लेकरं एकेक करून सोंगाच्या मांडीवर ठेवतात. देव कुरवाळतो आणि परत देतो. मुखवटा असेपर्यंत त्याने बोलायचं नाही आणि कुणाचं लेकरू नाकारायचं नाही. पण मला देव नको होता, बाबा हवे होते. मुखवटा उतरल्यावर ते पुन्हा ओळख देणार नसतील, तर बुलढाण्याहून एसटीचे धक्के खात जायचं कशाला? तरी गेले.

दिवस मावळत होता. राळेच्या धुरात देऊळ, माणसं, कडुनिंब, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. संबळ घुमत होता. कागदाचा रंगीत खांब फाडून सिंह बाहेर आला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. दैत्य पडला. देव धापा टाकत देवळाच्या पायरीवर बसला. पाटलांचं नातवंड मांडीवर ठेवून झालं, पिंजाऱ्याची जुळी झाली. आम्ही शेवटच्या.

मी मुलीला मांडीवर ठेवलं. मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे माझ्याकडे बघत राहिले. मुलीने देवाची जीभ धरली आणि सरळ तोंडात घातली. लोक हसले. देवाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिला घ्यायला वाकले, पण त्याने दिली नाही. तो तिला घेऊन उठला आणि मुखवटा उतरवतात त्या आतल्या खोलीत गेला. असं कधी घडलं नव्हतं. संबळ गप्प झाला.

आईने मला ढोसतच आत नेलं. मुखवटा कोनाड्यात ठेवला होता. बाबा घामाने निथळत भिंतीला टेकले होते, फार म्हातारे दिसत होते. मुलगी मांडीवरच होती. आईने दुधाचा पेला पुढे केला. दूध प्यायलं की सोंग संपतं, देवाचा पुन्हा माणूस होतो. त्यांनी एका दमात पेला रिकामा केला. आता ते तिला खाली ठेवणार, म्हणून मी हात पुढे केले. मला त्यांच्याशी पुष्कळ भांडायचं होतं. त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.

"हिचं नाक माह्या मायवानी हाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

मला रडू आवरेना.

"हाव," मी म्हटलं, "आन राग तुमच्यावानी."