बाईंची पाठ फिरलेली असताना

आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहून गेलेल्या बाईंनी सबंध लातूर गावाची सोपी माणसं आणि अवघड माणसं अशी वाटणी केली होती, आणि त्यात त्यांचा कुणावर राग नव्हता. माणूस दिसलं की बाईंच्या मनात आधी एकच यायचं, याची नजर चुकवून पळता येईल का? भाजीवाल्याला बघून म्हणायच्या, "हा सोपा हाय. तराजूकडं बघितलं की त्याला जग दिसत न्हाई." बँकेतला कारकून सोपा, कारण तो नोटा मोजताना ओठ हलवायचा. उदगीर गाडीचा कंडक्टर मात्र अवघड. तिकीट फाडताना त्याची मान खाली असायची, पण मागच्या दारानं कोण चढलं ते त्याला ठाऊक असायचं. त्याच्याविषयी बाई फार आदरानं बोलायच्या. आमच्या घरच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोपं ठरवलं. मी मनात म्हटलं, हे कळायला आठवडा कशाला लागला.

बाई मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. माझी शाळा चौथीपुढं झाली नाही, आणि खेळातलं मला काही कळत नाही. पण हा एक खेळ त्यांनी मला आमच्या अंगणात पळवून शिकवला, म्हणून सांगू शकते. त्याला बेसबॉल म्हणतात. मधे चेंडू टाकणारा असतो, समोर तो मारणारा, आणि भोवती चार कोपरे. चेंडू मारून पळालेला गडी एका कोपऱ्यावर येऊन थांबतो. मग टाकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडं गेलं की तो हळूच पुढच्या कोपऱ्याकडं सुटतो. ही चोरी खेळात चालते. टाकणाऱ्यानं ऐन वेळी वळून त्या कोपऱ्यावर चेंडू फेकला आणि गडी मधेच सापडला, तर तो बाद. हैदराबादेला शिकायला असताना वसतिगृहाच्या भिंतीवर बसून बाईंनी हा खेळ बघितला होता. खेळायचे ते पोरंच. त्यांच्यात एक डावरा पोरगा चेंडू टाकायचा आणि त्याच्यासमोर कुणाची चोरी कधी साधली नाही. त्याचं नाव बाईंनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "जोरात फेकणाऱ्याला लोक भितात, वैनी," बाई सांगायच्या, "पण जोरात फेकणाऱ्याचीबी चोरी होती. ज्याच्या मनात कवा काय येईल ह्येच कळत न्हाई, त्याची होत न्हाई. आन त्यात डावरा असला तर मग बघायचंच न्हाई. त्याचं तोंडच पहिल्या कोपऱ्याकडं असतंय. उजव्याला वळून बघावं लागतंय, ह्याला नुसतं बघावं लागतंय."

त्या वर्षी पावसानं दडी मारली होती आणि आमचा जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिणारा रंगारी दिवसभर शिडीवर असायचा. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागतं, तसा मुलींचा संघही लागला. शाळेला कागद आला की नांदेडला सॉफ्टबॉलचे सामने आहेत, जिल्ह्याचा संघ पाठवा. बाईंनी चौकशी केली. कुणीतरी सांगितलं, खेळ तोच, फक्त चेंडू मोठा आणि तो खालच्या हातानं टाकायचा. बाईंना एवढं पुरलं. चुना मिळेना तेव्हा त्यांनी आमच्या चुलीतली राख नेऊन मैदानावर रेघा ओढल्या. कोपऱ्यांसाठी आडतीतली जुनी पोती आणून त्यांत तुरीचा भुसा भरला. पण दुष्काळात भुसा असा उघड्यावर ठेवतात होय? दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हशीनं दुसरा कोपरा पोत्यासकट खाऊन टाकला. बाई म्हशीच्या मालकाशी भांडल्या नाहीत. नवं पोतं वाळूनं भरलं आणि मला म्हणाल्या, "म्हैस लई अवघड. तोंडावरून काहीच कळत न्हाई."

बाईंची खरी कला म्हणजे त्यांची पाठ. टँकर आला की गल्लीत घागरींची रांग लागायची. बाई रांगेत उभ्या राहायच्या त्या टँकरकडं तोंड करून, केसांत पिन खोचत. त्यांच्या मागं कुणी पायानं आपली घागर हळूच पुढं ढकलली की बाई तशाच, मान न वळवता म्हणायच्या, "शेवंताबाई, तुमच्या घागरीला पाय फुटलेत, जरा बांधून ठेवा." शेवंताबाई पुटपुटायची, "हिच्या अंबाड्यात डोळे हायत की काय?" पण घागर मागं यायची.

माझी थोरली मुलगी महानंदा तेव्हा सातवीत होती आणि ती डावरी होती. आमच्या सासूबाईंना, म्हणजे सगळ्यांच्या अव्वांना, ते सहन होत नव्हतं. डाव्या हातानं वाढणाऱ्या पोरीला कोणतं घर पत्करणार, असं त्या म्हणायच्या, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. म्हणून लुगड्याच्या काठाची एक चिंधी करून त्या नंदाचा डावा हात कमरेशी बांधून ठेवायच्या, जेवताना आणि लिहिताना. पोर उजव्या हातानं लिहायला बसली की अक्षरं ओळीबाहेर पडायची आणि डोळ्यांतून पाणी. मला ते बघवायचं नाही. पण अव्वांपुढं बोलायची माझी छाती नव्हती.

एका सकाळी कुणाची तरी शेळी आत शिरली आणि तिनं रांजणात तोंड घातलं. त्या दिवसांत पाण्यापेक्षा मोलाचं घरात काही नव्हतं. नंदानं चिंधीतून हात हिसकून काढला, ढेकूळ उचललं आणि अंगणाच्या त्या टोकावरून शेळीच्या शिंगावर हाणलं. बाई उंबऱ्यावर पाठमोऱ्या बसून वेणी घालत होत्या. त्यांनी वेणी अर्ध्यात सोडली.

"वैनी," त्या म्हणाल्या, "पोरगी डावरी हाय, आन तुम्ही मला सांगितलं न्हाई?"

"डावरी कशाची," अव्वा आतून बोलल्या. "खोड हाय ती. जाईल."

त्यानंतर कितीतरी दिवस बाई त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या. त्या रोज सकाळी उंबऱ्यावर बसून वेणी घालायच्या, तोंड रस्त्याकडं. आत अव्वा विभूती लावून पूजेला बसायच्या. आम्ही लिंगायत, म्हणून गळ्यातलं लिंग सोडून तळहातावर घ्यायच्या, त्यावर बेल वाहायच्या आणि मिटल्या डोळ्यांनी बराच वेळ तशाच बसायच्या. मी हे जन्मभर बघत आले होते. माझ्या माहेरी आजीही अशीच बसायची.

मग एका सकाळी, अव्वांनी पूजा उरकून लिंग पुन्हा गळ्यात घातलं आणि चिंधी घेऊन नंदाला हाक मारली, तेव्हा बाई रस्त्याकडंच बघत म्हणाल्या, "अव्वा, देव कोणत्या हातावर घेता वं तुम्ही?"

अव्वांचा हात चिंधीसकट तिथंच थांबला. देव डाव्या हातावर घेतात. बेल उजव्यानं वाहायचा, पण देव बसतो तो डाव्या तळहातावर. आमच्यात सगळेच असं करतात आणि कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. अव्वांनी आपल्या तळहाताकडं बघितलं. मग चिंधीनं त्यांनी कंदिलाची काच पुसली. नंदा डाव्या हातानं जेवली आणि जेवणभर अव्वांनी तिच्याकडं पाहिलं नाही. नंतर बाई हळूच मला म्हणाल्या, "अव्वा अवघड होत्या, वैनी. लई दिवस थांबावं लागलं."

नंदा संघात गेली. संध्याकाळी अंगणात सराव चालायचा. नंदा चेंडू टाकणार आणि चोर मी. रांजणापासून लिंबाच्या झाडाकडं पदर खोचून पळताना मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं, आणि एकदाही मी लिंबापर्यंत पोचले नाही. मी दोन पावलं टाकते न टाकते तोच चेंडू रांजणापाशी बाईंच्या हातात आलेला असायचा. अव्वा ओसरीवरून म्हणायच्या, "सुनबाई, तू विचार करून पळायलीस. चोर कुठं विचार करतंय होय?"

नांदेडच्या सामन्याचं मी नंदाच्या तोंडून ऐकलं. पहिलीच मुलगी पहिल्या कोपऱ्यावर आली, नंदानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ऐन वेळी चेंडू तिकडं फेकला. पंचानं शिट्टी वाजवून त्या मुलीला फुकट एक कोपरा पुढं दिला. नंदाला वाटलं, आपला नेम चुकला. तिनं पुन्हा तेच केलं, पुन्हा शिट्टी. सॉफ्टबॉलमध्ये टाकणाऱ्याच्या हातून चेंडू सुटल्याशिवाय पळणारीनं कोपरा सोडायचाच नसतो, आणि टाकायला उभं राहिल्यावर असं मधेच दुसरीकडं फेकणंही नियमात बसत नाही. हैदराबादेच्या भिंतीवरून बाईंनी बघितला तो खेळ वेगळा होता. तिथं जो हात सगळ्यात अवघड, तो इथं इतर हातांसारखाच. नवा जिल्हा पहिल्याच सामन्यात हरला. येताना बाई गाडीत खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या, आणि नंदा म्हणाली, "आई, आज त्यांना मागचं काही दिसत नव्हतं."

घरी आल्यावर बाई आपल्या खोलीत गेल्या नाहीत. तशाच धुळीच्या पायांनी अव्वांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर अव्वांना काही कळलं नसतं. पण बाईंना फक्त खेळातली चोरी यायची.

"अव्वा, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "त्या खेळात डाव्या हाताचा तसा काही उपयोग न्हाई."

मी चुलीपाशी होते. कंदिलाशेजारी खिळ्याला ती चिंधी लोंबत होती आणि मला तेवढीच दिसत होती. नंदानं डावा हात परकराच्या घोळात लपवला. अव्वांनी चिंधी खिळ्यावरून काढली, रांजणातलं थोडं पाणी घेऊन भिजवली, पिळली आणि बाईंच्या पुढं धरली.

"तोंड पूस आधी, पार राख झालीया त्याची," त्या म्हणाल्या. "खेळाचं चुकलं असंल. देवाचं तर न्हाई ना चुकलं?"

बाईंनी चिंधी तोंडावर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांची बदली देगलूरकडं झाली. त्या दिवशी त्या माझ्याकडं पाठ करून वळकटी बांधत होत्या. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. नंदा आता वहीत कशी सरळ ओळीत लिहिते, ते सांगायचं होतं. त्याऐवजी मी वाटेसाठी केलेल्या धपाट्यांचं फडकं घेऊन दबकत त्यांच्या पिशवीपाशी गेले. म्हटलं, आज काही विचार करायचा नाही. फडकं पिशवीत घातलं आणि वळले.

"वैनी," बाई वळकटीची गाठ आवळत, मान न वळवता म्हणाल्या, "वरच्या बाजूला ठेवा. खाली कापडाला तेल लागतंय."

मी परत जाऊन ते वर ठेवलं. नंदाची पोर आता शाळेत जाते, तीही डावरी आहे. समोरच्या खोलीत नंतर किती भाडेकरू आले आणि गेले. सगळे सोपे.