दोन घरं पुढं

साऱ्या सोलापुरात माणसांना त्यांच्या नावातल्या जोडाक्षरांवरून जोखणारा एकच गृहस्थ असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजी शाळेत गणित शिकवतात. पण शाळेत त्यांचा खरा मान होता तो वेळापत्रकामुळे. कोणत्या तासाला कोण कोणत्या वर्गावर जाणार, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. अठरा वर्षांत एका वर्गावर दोन शिक्षक कधी येऊन उभे राहिले नव्हते.

हा प्रोग्रॅम ते ज्या एडिटरात लिहायचे, तो संगणकाबरोबर कुणीतरी फुकट दिलेला. त्याला जोडाक्षरांचं वावडं होतं. ओळीत जितकी जोडाक्षरं, तितकी घरं कर्सर पुढे दिसायचा. म्हणजे एखादं अक्षर पुसायचं तर तेवढी घरं पुढे जाऊन पुसायचं, की मागचं हवं ते अक्षर जायचं. दुसऱ्या कुणी तो एडिटर केव्हाच फेकून दिला असता. आमच्या घरी जावई म्हणून दाजींना जसं सांभाळून घेत, तसं दाजींनी त्याला सांभाळून घेतलं. तो मध्येच गोठला की ते ताईकडे चहा मागायचे आणि चहा होईपर्यंत तो सुटायचा. संगणक अद्ययावत झाला तर हा बंद पडेल, या धास्तीने त्यांनी इंटरनेटची वायर काढून देवघराजवळच्या खुंटीला टांगली होती.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शिक्षकाचं नाव असायचं, त्यामुळे हा हिशेब माणसांनाच चिकटला. "कमलबाई सरळ. प्रज्ञाबाई दोन घरं पुढं," असं दाजी चारचौघांत म्हणायचे, आणि बिचाऱ्या प्रज्ञाबाईंना ते कौतुक वाटायचं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी 'सई' हे नाव लावून धरलं. गोड नाव म्हणून बायका खूश झाल्या. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "कर्सर हालत न्हाई बघा." मी प्रकाश. दरवर्षी भाऊबीज आटपून निघालो की रिक्षाला हात करत म्हणायचे, "पावणं एक घर पुढं. पुण्यात ऱ्हाताय न्हवं, पुढंच असणार की."

पुण्यात मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि शहाणपणा अंगात मावत नाही. गेल्या वर्षी भाऊबीजेला दाजी मंडईत गेलेले पाहून मी खुंटीवरची वायर जोडली, संगणक अद्ययावत केला, जुना एडिटर काढून नवा घातला. नव्यात कर्सर जिथे दिसतो तिथेच असतो. दाजी परतले, पिशवी हातात धरूनच पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लई भारी केलंत, पावणं." मी मोठ्या ऐटीत ओवाळून घ्यायला पाटावर बसलो.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. दाजींची बोटं सवयीने पुढे जाऊन पुसत राहिली होती. प्रज्ञाबाईंच्या ओळीत तासाऐवजी वर्गाचा आकडा पुसला गेला आणि तिथे तासाचा आठ बसला. पडद्यावर ते दिसत होतं, पण पडद्यावर दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेच तर ते अठरा वर्षं शिकले होते. पहिल्याच तासाला आठवी ब च्या दारात प्रज्ञाबाई आणि कमलबाई दोघी उभ्या, आणि शेजारच्या वर्गात कुणीच नाही. मुख्याध्यापक भले गृहस्थ, रागावले नाहीत. आता आपण विकतचं ॲपच वापरू, एवढंच म्हणाले. दाजींनी मान हलवली. ताईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी सुट्टी काढून जुना एडिटर परत घालायला गेलो, पण अद्ययावत झालेल्या संगणकावर तो काही केल्या उघडेना.

यंदाच्या भाऊबीजेला मी त्यांची माफी मागितली. तुम्हाला न विचारता हात लावायला नको होता, म्हणालो. दाजी सुपारी कातरत होते. "नवा बरोबरच हाय की," ते म्हणाले. "माझी बोटंच त्या चुकीत मुरली हुती, त्याला तुमी काय करणार?" त्यांनी मला सहज माफ केलं, आणि तेच मला फार लागलं. त्या संगणकावर आता ताई भजनं लावते.

निघताना ते नेहमीसारखे कोपऱ्यापर्यंत आले. रिक्षाला हात केला, माझी पिशवी आत ठेवली, पोचल्यावर फोन करा म्हणाले. दरवर्षीचं ते वाक्य काही म्हणाले नाहीत. रिक्षा वळल्यावर मीच ते मनात म्हटलं, पावणं एक घर पुढं. एक घर पुढे जाऊन मी पुसलं होतं, आणि पुसलं गेलं ते मागचं.